‘रागा रॉक’ नक्की कशाला म्हणायचं?

गिटार_ठाकुर्ली

मंडळी, एक शंका आहे. इथे शास्त्रीयवाले आणि रॉकवाले दोघंही असतात, म्हणून इथेच विचारतोय.

आमचा चौघांचा बँड आहे. दोन गिटार, बेस आणि ड्रम्स. आमची एक लांबलचक रचना आहे, दहा-बारा मिनिटं चालते. बेस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच स्वराला धरून असतो, कॉर्ड जवळजवळ बदलत नाहीत आणि त्यावर मी फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं उपकरण) लावून वाजवतो. गंधार, निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. गिटारवाले याला डोरियन म्हणतात. मी शाळेत असताना पेटी शिकलोय, त्यामुळे माझ्या डोक्यात तो काफी थाट.

अंधेरीत कार्यक्रम होता. आयोजकांनी पोस्टरवर ‘सायकेडेलिक रागा रॉक’ असं छापलं आणि आम्ही खाली ‘राग भीमपलासीवर आधारित’ अशी ओळ घातली. वाजवून झाल्यावर एक काका स्टेजजवळ आले. अगदी प्रेमाने म्हणाले, “छान वाजवता रे, पण भीमपलासी कुठे होता?” मी म्हटलं, काका, स्वर तेच आहेत. ते म्हणाले, “स्वर तेच आहेत, ते कळलं.” आणि निघून गेले.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. रागा रॉक म्हणायला खरोखरचा राग लागतो का? की सायकेडेलिक रॉकचंच ते दुसरं नाव आहे? पुढच्या महिन्यात परत वाजवायचंय आणि पोस्टरचा मजकूर या वेळी मी देणार आहे. काय लिहू?

लाऊड_लोअरपरळ

साठच्या दशकातलं रॉक + सतार = रागा रॉक. बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ (१९६५), रोलिंग स्टोन्सचं ‘पेंट इट ब्लॅक’ (१९६६), झालं. तुमच्यात सतार नाही, त्यामुळे नुसतं सायकेडेलिक लिहा. काकांचं मनावर घेऊ नका, असे काका प्रत्येक कार्यक्रमाला असतात.

मेधा_पार्ले

लाऊड, सतारीची अट मला मान्य नाही. ती धरली तर ज्या गाण्यासोबत हे नाव बाजारात आलं, तेच गाणं यादीतून बाहेर पडतं.

मार्च १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ‘द बर्ड्‌स’ने ‘एट माइल्स हाय’ काढलं. त्यासाठी न्यूयॉर्कला पत्रकार परिषद झाली आणि ‘रागा रॉक’ हा शब्द पत्रकारांच्या हातात ठेवला गेला. त्यांचा गिटारवाला मग्विन तिथे सतार घेऊन बसला होता. गाण्यात मात्र सतार औषधालाही नाही. आहे ते बारा तारांचं रिकनबॅकर गिटार, आणि त्यावरचे ते धावते, मध्येच अडखळल्यासारखे तुकडे जॉन कोल्ट्रेनच्या ‘इंडिया’वरून घेतलेले. कोल्ट्रेन सॅक्सोफोनवाला, जाझमधला, आणि तो रविशंकरांच्या रेकॉर्ड्स मन लावून ऐकायचा. मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं. म्हणजे बघा, सतारीवरून सॅक्सोफोनवर, तिथून गिटारवर, आणि वर प्रसिद्धीखात्याने चिकटवलेलं नाव. मला ते गाणं अतिशय आवडतं. पण त्यात राग शोधायला जाणं म्हणजे त्या गाण्यावरही अन्याय आणि रागावरही.

आता ठाकुर्ली, तुझ्याकडे येते.

या सगळ्या गाण्यांत मिळून समान काय आहे ते ऐकलं तर सतार दुय्यम ठरते. समान आहे तो हलत नाही असा षड्ज. पाश्चात्त्य गाण्याचं सगळं चालणं कॉर्ड बदलण्यावर असतं, घर सोडायचं आणि परत घरी यायचं. १९६५ च्या सुमाराला लंडनच्या काही पोरांना कळलं की घर न सोडताही गाणं होतं. ‘द किंक्स’चं ‘सी माय फ्रेंड्स’ ऐक. जुलै १९६५, म्हणजे ‘नॉर्वेजियन वुड’च्याही आधी. त्यात सतार नाही. गिटारचाच एक स्वर खाली घुमत राहतो आणि गाणारा त्याच्या अंगाने लोंबकळत, ओढत गातो. त्यांचा गायक रे डेव्हिस याने सांगून ठेवलंय की हे त्याला मुंबईत सुचलं. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना हे लोक इथे थांबले होते आणि भल्या पहाटे मासेमारीला निघालेल्या माणसांचं गाणं त्याच्या कानावर पडलं. रागा रॉकच्या अगदी मुळाशी असलेल्या गाण्याला राग नव्हे, आपल्या किनाऱ्यावरचं कामकऱ्यांचं गाणं कारण झालं! मुंबईत राहून हे आपण कुणाला सांगतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी समान गोष्ट म्हणजे झणकार. मी लहानपणापासून सतार वाजवते, त्यामुळे यावर थोडी रेंगाळणार आहे.

सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार छेडली की ती घोडीच्या एका कडेवर टेकून राहत नाही, त्या उतारावर लोळते. तिची टेकण्याची जागा सारखी पुढेमागे होते आणि त्यामुळे वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. हीच जवारी. कारागीर कानस घेऊन बसतो, दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, परत उतरवतो. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद, गोल. तंबोऱ्याला तर तारेखाली सुती दोरा सरकवून ती जागा शोधतात. दोरा केसभर इकडे गेला की आवाज मरतो, केसभर तिकडे गेला की नुसता किरकिरतो.

इंग्लंडमधल्या गिटारवाल्यांना हा झणकार हवा होता आणि त्यांच्या हाताशी होता फझ. ‘द यार्डबर्ड्‌स’ने ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी आधी खरा सतारिया बोलावला होता. ते काही जमून आलं नाही, मग जेफ बेकने तीच धून फझ लावून गिटारवर वाजवली आणि १९६५ मध्ये रेकॉर्ड निघाली ती तीच. फझ तारेच्या कंपनाचे माथे छाटतो, त्यामुळे वरचे स्वर भसकन वर येतात. जवारीत ते एकेक करून येतात. फरक एवढाच, आणि माझ्या कानाला तो फार मोठा आहे. पुढे १९६७ च्या सुमाराला तर जवारीची नक्कल करणारी चपटी घोडी बसवलेलं इलेक्ट्रिक सतार नावाचं गिटारच बाजारात आलं.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: रागा रॉक हे साधारण १९६५ ते ६८ या काळातल्या एका आवाजाचं नाव आहे. स्थिर षड्ज, झणकार, स्वरावरून स्वरावर ओढत जाणं, आणि कॉर्ड कमी. राग मांडल्याचा तो दाखला नाही.

लाऊडने दिलेलंच उदाहरण घे. ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार आहे, पण धून ब्रिटिश लोकगीताच्या वळणाची आणि मधल्या ओळींत ती सरळ मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधारात, शिरते. आपल्याकडचा कुणी तिथे षड्ज-पंचम धरून बसला तर त्याची पंचाईत होईल. त्यात सतार वाजवणाऱ्या बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं पुढच्या वर्षीचं ‘लव्ह यू टू’ ऐक. सुरुवातीला तालाशिवाय सतारीचा छोटा आलाप, मग तबला येतो, कॉर्ड नावापुरते, काफीचे स्वर, आणि शेवटाकडे लय चढते. आलाप, गत, द्रुत, तीनही गोष्टी तीन मिनिटांत बसवल्यात. तबला अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेलं आहे. हे मात्र शिकायला बसलेल्या माणसाचं काम आहे, आणि ते ऐकताना मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

रेकॉर्डवाला_फोर्ट

मेधाताई, प्रतिसाद वहीत उतरवून ठेवला. मुंबईचा विषय काढलात म्हणून थोडी भर.

हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला. बातमी फुटली, हॉटेलखाली गर्दी जमली, आणि गुरू-शिष्य काश्मीरला गेले. जानेवारी १९६८ मध्ये तो परत आला तो रेकॉर्डिंगला, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी स्टिरिओ मशीन कोलकात्याहून आगगाडीने आणवलं होतं. वाजवायला कोण, तर शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ! स्टुडिओ ऑफिसांच्या वर. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत यायचा, आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांमुळे काम थांबवावं लागायचं, असं हॅरिसननेच सांगितलंय. मी रोज त्याच भागातून स्टेशनला जातो. साडेपाचला फोर्टचे जिने कसे वाजतात ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

‘वंडरवॉल म्युझिक’ या रेकॉर्डचा भारतीय भाग तिथला. ‘द इनर लाइट’चं वादनही तिथलंच, गाणं नंतर लंडनला चढवलं आणि मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. आता यात ड्रम्स नाहीत, इलेक्ट्रिक गिटार नाही. तरी परदेशी याद्यांमध्ये ते रागा रॉकखाली सापडतं. नाव किती सैल वापरतात ते यावरून कळावं.

उलट बाजू अशी की त्याच काळात आपल्याकडचे बँड काय वाजवत होते? सिम्ला सिगरेटच्या नावाने सिम्ला बीट स्पर्धा व्हायची, तिच्या १९७० आणि ७१ च्या दोन रेकॉर्ड्स आहेत. ऐकून बघा. सगळं इंग्रजीत, फझ गिटार आणि ऑर्गनचा सपाटा. मुंबईचे, मद्रासचे, बंगलोरचे बँड, आणि सतारीच्या वाटेला बहुतेक कुणी गेलेलं नाही. त्यांना ‘अॅसिड रॉक’ वाजवायचं होतं. लंडनच्या पोरांना सतार हवी होती आणि आमच्या पोरांना अॅम्प्लिफायर. मला दोन्ही भुका खऱ्या वाटतात.

सतार आणि सिंथेसायझर एकत्र हवं असेल तर आनंद शंकर यांची १९७० ची रेकॉर्ड आहेच. तिला रागा रॉक म्हणायला माझी हरकत नाही.

गिटार_ठाकुर्ली

केवढं दिलंत तुम्ही लोकांनी! ‘सी माय फ्रेंड्स’ आत्ता लोकलमध्ये तीनदा ऐकलं. खरंच, खालचा स्वर सोडतच नाही.

मेधाताई, दोन गोष्टी अजून सांगा. सायकेडेलिक आणि रागा रॉक यांचं नातं काय? आणि काकांना नेमकं काय खटकलं असेल? स्वर तर मी एकही चुकीचा लावला नव्हता.

मेधा_पार्ले

आधी सायकेडेलिक. हा शब्द संगीतातला नाहीच, मानसोपचारातला. हम्फ्री ऑस्मंड या डॉक्टरने १९५० च्या दशकात एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी तो बनवला. दहाएक वर्षांनी तो रॉकला लागला. काळ पसरल्यासारखा वाटावा, आवाज वितळल्यासारखा वाटावा यासाठी टेप उलटी फिरवणं, प्रतिध्वनी, फझ, लांबच लांब वादन, हे सगळं त्यात येतं. रागा रॉक त्याच्या शेजारचं घर, मधली भिंत सामाईक. ‘सी माय फ्रेंड्स’च्या वेळी सायकेडेलिक रॉक हे नाव रुळलेलंही नव्हतं, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पोटप्रकार म्हणणं मला पटत नाही. पण १९६७ नंतर लोकांनी दोन्ही एकत्र करून टाकली, कारण एका स्वराचा घुमारा ऐकत पडून राहणं त्या नशेला सोयीचं होतं.

आणि इथे माझा जीव तुटतो. रविशंकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचं संगीत नशेत ऐकायचं नसतं, शुद्धीवर या, ते पुरेसं आहे. जून १९६७ च्या माँटेरे महोत्सवात ते अल्लारखाँसाहेबांबरोबर बसले, रविवारी दुपारी. आणि वाजवला कोणता राग? भीमपलासी. कॅलिफोर्नियातल्या त्या गर्दीतही दुपारचा राग दुपारी. त्याच संध्याकाळी रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स याने गिटार पेटवलं, आणि वाद्याचा असा अपमान रविशंकरांना सहन झाला नाही. त्या दुपारच्या वादनाला रागा रॉक कुणी म्हणत नाही. राग पुरता होता आणि रॉक तिथे मुळीच नव्हतं.

आता काका. त्यांनी अगदी बरोबर बोट ठेवलंय, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

काफी, भीमपलासी, बागेश्री, धनाश्री, सगळ्यांचे स्वर तेच. कोमल गंधार, कोमल निषाद. मग वेगळं काय? चाल. भीमपलासीत चढताना रिषभ-धैवत घेत नाहीत. नि॒ सा ग॒ म प नि॒ सां, असं जातात. उतरताना मात्र सातही स्वर. मध्यम हा जीव आहे, तिथे थांबायचं. गंधार सरळ उभा लावायचा नाही, त्याला मध्यमाचा कण देऊन हलवायचा. निषादाला षड्जाचा आधार. आणि धनाश्री घे, आरोह-अवरोह तोच, पण मुक्काम पंचमावर. नुसती विश्रांतीची जागा बदलली की राग बदलला! डोरियन तुला सात स्वर देतो आणि सांगतो, जा, कुठेही फिर. राग सांगतो की या दाराने जायचं, त्या दाराने यायचं.

तू चढताना रे आणि ध घेत असणार. डोरियनची सवय असलेली बोटं घेतातच. पहिल्या चार सेकंदांत काकांना भीमपलासी सुटलेला दिसला असणार.

करून बघायचं असेल तर फझ बंद ठेव आणि एक गोष्ट कर. बेसवाल्याला म्हणावं, नुसता सा नको, सा आणि मध्यम धर. तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमावर लावतात तसं, भीमपलासीत ते करायलाच पाहिजे असं नाही, पण तुझा कान मध्यमाकडे ओढला जाईल. मग तिसऱ्या तारेवर गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार एक स्वर ओढ, मध्यमापर्यंत, आणि न सोडता हळूहळू गंधारावर खाली आण. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर ओढता येतात, गिटारवर दीड-दोन. पण भीमपलासीच्या गंधाराला एक पुरतो. गिटार कमी पडत नाही इथे. म ग॒, म ग॒ रे सा एवढंच सावकाश वाजव. पंधरा मिनिटं फक्त तेवढंच. त्यानंतर फझ लाव आणि ऐक की तो गंधार फझमधूनही येतोय का. आला पाहिजे.

पोस्टरबद्दल सरळ सांगते. ‘रागा रॉक’ खुशाल लिही. स्थिर षड्ज, फझ, लांबी, सगळं तुमच्यात आहे, ते नाव तुमच्या संगीताला लागू होतं, सतार असो वा नसो. ‘सायकेडेलिक’ही चालेल. पण ‘राग भीमपलासीवर आधारित’ ही ओळ आत्ता काढ. त्या ओळीने तू ऐकणाऱ्याला वचन देतोस की मी या दाराने जाईन आणि त्या दाराने येईन. ‘काफीच्या स्वरांत’ लिहिलंस तर ते खरं आहे आणि काकांनाही चालेल.

लाऊड_लोअरपरळ

मेधाताई, सतारीची अट मागे घेतो. पण ‘नुसतं सायकेडेलिक लिहा’ हे अजून म्हणेन. कॉलेजची मुलं ‘रागा’ वाचून फ्यूजन समजतील, तबला आणि बासरी असेल म्हणून येतील.

मेधा_पार्ले

येऊ देत की. आल्यावर ऐकतील.

रेकॉर्डवाला_फोर्ट

लाऊड, तुमचा मुद्दा मला पटतो. आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की रागावर कॉर्ड चढवलेलं संगीत डोळ्यासमोर येतं, ते उलट टोक आहे. पोस्टरवर जागा असेल तर ‘एका षड्जावर, दहा मिनिटं’ असं काहीतरी घाला. जो येईल तो जाणून येईल.

गिटार_ठाकुर्ली

काल रात्री फझ बंद करून म ग॒ रे सा केलं. बेसवाला सा-मध्यमाला तयार झालाय, ड्रमर म्हणतोय पहिली तीन मिनिटं मी हातच लावत नाही, तालाशिवाय जाऊ दे. पोस्टरवर ‘रागा रॉक, काफीच्या स्वरांत’ असं नक्की केलं. भीमपलासीची ओळ काढली, पण राग सोडलेला नाही. मेधाताई, चढताना रिषभ टाळायला डाव्या हाताची बोटं कशी बसवू? दुसऱ्या तारेवर जाताना दर वेळी बोट आपोआप तिथेच पडतंय.

मेधा_पार्ले

आरोह एकाच तारेवर वाजव, आडवा. सतारीसारखा. सा वरून सरळ गंधारावर सरकायचं, मध्ये बोट टेकवायचं नाही. तारा बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. आठ दिवस असं कर आणि रेकॉर्डिंग इथे टाक, फोनवरचं चालेल.